साडूंचा झिजणारा ग्रह

आकाशाकडे एकदाही मान वर न करता आकाशावर इतकं प्रेम करणारा माणूस अख्ख्या नाशकात आमच्या साडूंखेरीज दुसरा सापडायचा नाही. सकाळभर पंचवटीत घरोघरी विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायचं, दुपारी वरणभात जेवायचा आणि मग संगणकापुढे बसून दुर्बिणींनी टिपलेल्या ताऱ्यांच्या प्रकाशाचे आलेख तपासायचे. असे आलेख कुणालाही पाहायला मिळतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. प्रकाश ठरावीक वेळाने मंदावला, की ताऱ्यासमोरून ग्रह गेला असं समजायचं. "सप्तर्षी दाखवा" म्हटलं तर म्हणत, "रात्री मी झोपतो हो!"

त्यांचा खरा जीव झिजणाऱ्या ग्रहांवर. हे ग्रह ताऱ्याच्या इतके जवळ, की खडकाचीच वाफ होते, तिची धूळ बनते आणि शेपटासारखी मागे पसरते. कळवणला मेहुण्याच्या साखरपुड्यात हे समजावताना त्यांनी समईभोवती बुंदीचा लाडू फिरवत फिरवत कुस्करला. भटजी मंत्र विसरले. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, तो ग्रह आधी पोटात घाला!"

एका रविवारी ते माझ्याकडे एक कागद घेऊन आले. एकाच ताऱ्याचा प्रकाश ठरल्या वेळी मंदावत होता, पण कधी खूप, कधी जेमतेम. "दादा, साधा ग्रह दरवेळी सारखाच प्रकाश अडवतो. ही धूळ आहे. शास्त्रज्ञांना कळवू या. मला इंग्रजी वाचता येतं, पण लिहायचं म्हटलं की घाम फुटतो."

मी कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं. "लिहितो की," म्हणालो आणि कागद टेबलाच्या खणात टाकला. मीटर वाचणाऱ्या माणसाला ग्रह सापडेल, हे मला मनातून पटलंच नव्हतं. नंतर त्यांनी दोनदा विचारलं. दोन्हीदा मी "पाठवलं" म्हणून सांगितलं.

पाच-सहा महिन्यांनी ते पेढ्यांचा पुडा घेऊन धापा टाकत जिना चढून आले. "दादा, आपला ग्रह खरा निघाला! परदेशातल्या लोकांनी जाहीर केलाय. तारा तोच!"

"आणि तुमचं नाव?" मी कसंबसं विचारलं.

"आपलं पत्र कुणी उघडलं नसेल. किती पत्रं येत असतील त्यांना," ते म्हणाले आणि पेढा माझ्या तोंडात घातला. तो गिळताना खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पुढे त्यांनी आलेख पाहणं हळूहळू सोडलं. मी कारण विचारलं नाही.

परवा त्यांच्या निवृत्तीचा समारंभ झाला. भाषणात ते म्हणाले, "मला एक ग्रह सापडला होता. तो माझ्या नावावर लागला नाही, पण आमच्या दादांनी त्याच्यासाठी फार सुंदर पत्र लिहिलं होतं." सगळे माझ्याकडे वळून टाळ्या वाजवू लागले. मी उभा राहिलो आणि हात जोडले.