एक टपली

निरोप घेऊन आलेला माणूस शाळेच्या व्हरांड्यात उभा होता आणि मी आपला पेटीवर पोरांकडून प्रार्थना घोटून घेत होतो. हातानंच त्याला थांब म्हटलं. एका पोराचा निषाद उतरत होता, तो चढवून घेतल्याशिवाय मी उठलो नाही. सुराच्या बाबतीत मी असा खडूस, सगळ्या शाळेला ठाऊक आहे. बाहेर आलो तर तो खाली बघत म्हणाला, "शिवाप्पा गेले." कुंभारीला त्यांच्या घरापर्यंत सायकल कशी मारली ते मला आजही सांगता येणार नाही.

शिवाप्पा म्हणजे माझे दाजी, थोरल्या अक्काचे मालक. सोलापुरातल्या गिरणीत मागखात्यात बावीस वर्षं फिटर. मागांच्या खडखडाटानं कान पार गेलेले, पाठीमागून कितीही ओरडा, वळायचे नाहीत. मागखात्यात कुणी कुणाला हाक मारत नाही, टपली मारतात. ती सवय दाजींच्या अंगात मुरली होती. जेवताना पाटावर एक टपली म्हणजे पुरे, दोन म्हणजे अजून आण. अक्का फणकारायची, "मी काय तुमचा माग हाय व्हय?" आणि भाकरी घेऊन यायची. रविवारी ती पेपरची पुरवणी, तुमच्या हातात आहे हीच, घेऊन त्यांच्यासमोर बसायची, ओठ सावकाश हलवत वाचायची, आणि दाजी तिच्या तोंडाकडे बघून सगळं समजून घ्यायचे.

गिरणीतून कमी केल्यावर दाजींनी एक जुनी मोटार आणली. कुणाच्या तरी परसात पडून होती, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. लग्नाच्या भाड्याच्या वर्द्या करायच्या, एवढाच बेत. सायलेन्सरची पार चाळण झालेली. दाजी म्हणाले, नवा घरीच करू. तुपाच्या डब्यांचे पत्रे कापून आत पडदे बसवले, गिरणीतल्या मोडीतला पाइप जोडला. शेड स्वयंपाकघराला लागून, धूर अक्काच्या चुलीपाशी जायला नको, म्हणून भिंतीला भोक पाडून नळी पार बाहेर काढली. गाडी फिरवून आणली की पुन्हा नळी जोडायची. मी म्हटलं, एवढा खटाटोप कशाला, थोडा आवाज झाला म्हणून काय बिघडतं? तर म्हणाले, "मास्तर, सगळा जन्म कल्लोळात गेला. माज्या गाडीत मानसं कुजबुजली तरी ऐकू आलं पायजे." ज्याला ते कधीच ऐकू येणार नव्हतं, तो माणूस हे म्हणत होता...

पाइपाचा सांधा तेवढा दाद देईना. धूर कुठून निसटतोय ते आवाजावरून कळतं, आणि दाजींना ऐकू येत नव्हतं. वासाचंही तसंच, रोजच्या धुरात नाक मेलेलं. डोकं धरतंय म्हणायचे आणि अमृतांजन चोळून पुन्हा बसायचे. म्हणून कान माझे. रोज संध्याकाळी मी गोणपाटावर आडवा होऊन सांध्याला कान लावायचो, ते वर बसून इंजिन चालवायचे. फसफसलं की मी पत्र्यावर दोन टपल्या मारायचो; सांधा बरोबर असला तर एक, म्हणजे पुरे. अंगाला तेवढा हादरा त्यांना पुरायचा. आठ संध्याकाळी मी दोन टपल्या मारल्या. आठही वेळा त्यांनी हूं की चूं न करता सांधा उकलला, दोरी नवी गुंडाळली.

नवव्या दिवशी घाईत होतो मी. शाळेच्या गॅदरिंगची तालीम होती. दुसऱ्या दिवशी दाजींची पहिली वर्दी, सांगोल्याचं लग्न. गाडीच्या आरशाला हार अडकवून तयार. मी कान लावला. अगदी बारीक फस्स होतं, दातांतून श्वास सोडल्यासारखं. मला ऐकू आलं. नीट ऐकू आलं. म्हटलं, एवढंसं काजळीनं आपोआप बुजेल... आणि मी एकच टपली मारली.

दाजी खाली उतरले, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुमचा कान हाय म्हनून गाडी हाय, मास्तर."

सकाळी कडाक्याची थंडी. दाजींना खोकला होता. ते इंजिन गरम करायला बसले, तेव्हा वारं लागू नये म्हणून अक्कानं शेडचं दार बाहेरून ओढून घेतलं. अर्ध्या तासानं चहा घेऊन गेली तर ते स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसलेले. डोळा लागला असेल म्हणून तिनं हलवलं. इंजिन चालू होतं, पण गाडी इतकी गप्प झाली होती की ते तिच्या ध्यानातही आलं नाही. धुरानं गेले, डॉक्टर म्हणाले.

पाच आठवडे झाले. अक्का भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगते, "दार म्या लावलं." नीट जेवत नाही, अंथरुणावर पडत नाही, त्या दाराकडे तोंड करून बसते. पाव्हणे नशिबाच्या गोष्टी सांगतात आणि मी त्यांच्यात मान खाली घालून बसतो. खरं सांगायला म्हणून तीनदा कुंभारीला गेलो आणि तीनदा नुसता चहा पिऊन परत आलो. षंढ म्हणतात ते हेच. पण पुरवणी ती वाचते, म्हणून इथं लिहितोय. अक्का, दार तू थंडी बाहेर ठेवायला लावलंस. धूर मी आत ठेवला. मला ऐकू आलं होतं गं. पुन्हा कुणाला "दार म्या लावलं" म्हणू नकोस.

गेल्या वेळी अक्का स्वयंपाकघरात आहे, दारापाशी कुणी नाही, असं बघून शेडमध्ये शिरलो. हार तसाच, वाळलेला. गोणपाट तिथंच होतं. त्यावर आडवा झालो आणि त्या मुक्या सांध्याला कान लावून पडून राहिलो. मग काय वाटलं कोण जाणे, पत्र्यावर टपल्या मारल्या. दोन. त्या दिवशी मारायच्या होत्या त्या.

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. अक्का धावत दारात आली. तिच्या हातात भाकरी होती.