मृदंगाची कणीक

मला माडी आवडते. उगाच लाजायचं काय त्यात? सकाळी माडावरून उतरवलेली, संध्याकाळपर्यंत जराशी आंबट झालेली. दुकानातल्या बाटलीला ती चव जन्मात येणार नाही. मे महिन्यात मुंबईकर गावी आले, देवळापुढे मांडव पडला आणि नमनाच्या खेळाचा मृदंग वाजू लागला, की मला पेलाभर हवीच. मृदंग वाजवायचे आमचे हे. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांचा हात ऐकतेय.

गेल्या वर्षी ह्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं-चालणं सुधारलं, डावा हात मात्र जड राहिला. डॉक्टरांनी माडी बंद केली, ती मुकाट्याने सोडली. मृदंग सोडायचं कोणी सांगितलं नव्हतं. मग यंदा हटूनच बसले, "सुरुवातीचा गणपतीचा गण मीच वाजवणार." हात उरलाय की गेलाय, हे त्यांना एकदाचं बघायचं होतं. मी पुष्कळ भांडले. ऐकतील तर शपथ.

मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात, तेव्हा कुठे तो घुमतो. सुनेने ती मळून आणली. हे खुर्चीवर बसले, मृदंग मांडीवर घेतला. उजवा हात सुरेख पडला. डावीकडून आवाज आला तो भिजक्या पोत्यावर मारल्यासारखा. ह्यांचा चेहरा उतरला. मी हातातला पेला खाली ठेवला.

शेजारच्या वाडीतला मृदंगवाला पुढे आला. ह्या दोघांची आयुष्यभराची चुरस. त्याने कणकेत अंगठा रुतवला, हुंगला आणि हसत सुटला.

"काय वहिनी, माडीत मळलीत काय? फुगली बघा ही."

सांदणाचं पीठ फुगवायला ठेवलेल्या माडीचाच तांब्या सुनेने घाईत उचलला होता. सगळा मांडव हसला, हेही हसले. माझा जीव भांड्यात पडला. हाताचं काही नव्हतं, कणीकच चुकली होती. मी स्वतः पाण्यात नवी मळून दिली.

ह्यांनी थाप मारली. आवाज तोच आला.

आता कोणी हसेना. हे मान खाली घालून मृदंग उतरवू लागले. तेवढ्यात तो मृदंगवाला खुर्ची ओढून ह्यांच्या डाव्या अंगाला, अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसला.

"तू उजवी बाजू सांभाळ," म्हणाला, "इकडची मी बघतो."

एक मृदंग आणि दोन माणसं. आधी चुकले, एकमेकांवर खेकसले, मग जमत गेलं. डावा हात गेला, हे ह्यांना कळून चुकलं होतं. तरी गण संपेपर्यंत त्यांनी उजवा थांबवला नाही, आणि मी तिथेच, सगळ्यांदेखत, पदर तोंडाला न लावता रडले.