भिंतीवरचा दुसरा खिळा

तायडेसरांची आणि माझी ओळख एका नारळाच्या झाडावरून झाली. अकोटच्या शाळेत मी तेव्हा आठवीत होते. नव्याने रुजू झालेल्या सरांनी चित्रकलेच्या तासाला निसर्गचित्र काढायला सांगितलं, आणि मी वर्गातल्या सगळ्यांप्रमाणे दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी, झोपडी आणि झोपडीशेजारी नारळ असं चित्र पाच मिनिटांत उरकून टाकलं. सर माझ्या बाकाशी थांबले.

“कुठी पायलं वं हे झाड? अकोटात त मले अजून दिसलं नाई.”

“पुस्तकात, सर.”

सर रागावले नाहीत. त्यांनी अख्खा वर्ग शाळेच्या गच्चीवर नेला आणि उत्तरेकडे तोंड करून उभा केला. समोर सातपुडा होता, जन्मल्यापासून पाहत आलेला. “किती टोकं हायेत, मोजा,” सर म्हणाले. टोक एकही नव्हतं. आमचा डोंगर वरून सपाट आहे, अंगणातल्या ओट्यासारखा, हे मला तेरा वर्षांची झाल्यावर कळलं. त्या दिवसापासून मी त्रिकोणी डोंगर काढलेला नाही, आणि आज चांदूर रेल्वेच्या माझ्या वर्गातही कुणाला काढू देत नाही.

सरांच्या अमृतमहोत्सवाच्या या ग्रंथात त्यांच्या जलरंगांवर जाणकार लिहितीलच. संपादक मंडळाने माझ्याकडे चिखलदऱ्याचा विषय सोपवला आहे. तो माझ्या वाट्याला यावा हा योगायोग की आणखी काही, हे लेख संपेपर्यंत वाचकांनी ठरवावं.

होळी झाली की पुढच्याच आठवड्यात सर आम्हा पंधरावीस मुलामुलींना घेऊन चिखलदऱ्याला जात. चार दिवसांचा मुक्काम. परीक्षा तोंडावर आलेली, त्यामुळे मुख्याध्यापकांच्या कपाळावर दर वर्षी आठी पडायची. सर शांतपणे म्हणायचे, “सर, परीक्षेत वसंत ऋतूवर निबंध येते. पोट्ट्यायले एकडाव पाहून त येऊ द्या.” या युक्तिवादापुढे मुख्याध्यापक दर वर्षी हरत. मग एस.टी.ने परतवाडा, तिथे गाडी बदलायची, आणि घाट चढू लागलं की खिडकीतून येणारा वारा गार होत जायचा. खाली अकोटात पंखे सुरू झालेले असत आणि वर सकाळी स्वेटर लागायचा.

वर पोचल्यावर सरांनी आमचा दुसरा गैरसमज मोडला. वसंत म्हणजे हिरवागार, असं आम्ही निबंधात लिहून बसलो होतो. चिखलदऱ्याचा वसंत तांबडा असतो. काटेसावर तांबडी, पांगारा तांबडा, आणि कुसुमाची तर कोवळी पालवीच अशी लाल फुटते की लांबून झाडाला आग लागल्यासारखं वाटावं. “हिरव्याची डबी बंद करा,” सर पहिल्याच सकाळी सांगत. आम्ही बंद करत असू.

सकाळी चित्रं, दुपारी एकमेकांची चित्रं पाहणं, आणि सूर्य कलला की आम्ही उतरलेल्या शाळेच्या अंगणात कार्यक्रम. होळीचा रंग अजून उतरलेला नसायचा. जवळच्या पाड्यांवरचे कोरकू लोक ढोलकी आणि बासरी घेऊन येत, बायका हातात हात गुंफून फेर धरत. गावातलं कुणी भजन म्हणे, कुणी नकला करून दाखवी. शेवटी सर स्वतः गात. सरांचा मी कितीही आदर करत असले तरी त्यांना गाता येत नाही, हे या ग्रंथात कुणीतरी नोंदवलं पाहिजे. ते सुरू झाले की बासरीवाला बासरी खाली ठेवायचा.

या मुक्कामाचा एक कडक नियम होता. ज्याच्या दाराशी बसून चित्र काढलं, त्याच्या घरी ते ठेवून यायचं. शेवटच्या दुपारी सर प्रत्येकाबरोबर त्या त्या घरी जात आणि चित्र स्वतः भिंतीवर लावून देत. त्यांच्या खिशात खिळे असत, हातात हातोडी. एकाने एकदा कुरकुर केली, तेव्हा सर म्हणाले, “चार दिवस त्यायचं अंगण पायलं, त्यायचाच चहा पेला, अन् जातानी चित्र बी आपणच घेऊन जाचं? मंग त्यायच्याकडं काय रायलं?” सरांनी लहानपणी आपल्या गावच्या विहाराच्या भिंतीवर कोळशाने बोधिवृक्ष काढला होता. भिंतीवरचं चित्र कुणाला उचलून नेता येत नाही, ते गावाचंच होतं, असं ते सांगत. तिथूनच हा नियम आला असावा.

सरांच्या उपकारांची यादी करत बसले तर पानं पुरणार नाहीत. एकच सांगते. दहावीनंतर मला चित्रकलेचंच शिक्षण घ्यायचं होतं आणि त्यासाठी अमरावतीला राहावं लागणार होतं. माझे बाबा शिंपी होते, अकोटच्या बाजारात त्यांचं दुकान. ते ऐकायलाच तयार नव्हते. सर त्यांच्याशी वाद घालायला आले नाहीत, शर्ट शिवायला आले. माप देताना पोरीचा हात चांगला आहे एवढंच म्हणाले. शर्ट न्यायला आले तेव्हा अमरावतीच्या वसतिगृहाबद्दल बोलले. मग दुसरा शर्ट टाकला. चौथ्या शर्टाच्या काजांपर्यंत बाबा पुरते विरघळले होते. “या मास्तरले आता शर्टाची गरज नाई, तुले धाडाच लागते,” ते आईसमोर मला म्हणाले. त्यातला एक निळा शर्ट सरांच्या अंगावर मी अगदी परवापरवापर्यंत पाहिला आहे.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी हात जड होतोय.

अमरावतीला जाण्याआधीच्या माझ्या शेवटच्या मुक्कामात मी शेवंतामावशींच्या दुकानासमोर बसले होते. मावशी चहा आणि रबडी विकायच्या. चुलीवर दुधाची मोठी कढई, तिच्यातून फिरणारा मावशींचा हात, वर वाफ आणि वाफेमागे कुसुमाचं लाल झाड. आयुष्यात पहिल्यांदा, जे दिसत होतं तेच माझ्या कागदावर उतरलं. मी त्या चित्राकडे पाहतच राहिले. आणि ते कुणाला द्यायचं नाही, असं माझं ठरून गेलं.

शेवटच्या दुपारी सगळे जेवायला गेले असताना मी घाईघाईने त्याची नक्कल काढली. खरं चित्र वळकटीत गुंडाळलं आणि नक्कल सरांच्या हातात दिली. सर तिच्याकडे बराच वेळ पाहत होते.

“घाई केली वं,” ते म्हणाले.

मावशींच्या दुकानात जाऊन त्यांनी नक्कल नीट लावून दिली. मला चहाचे पेले विसळायला मागे धाडलं होतं, म्हणून त्यांचं काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही.

ते चित्र तीस वर्षं माझ्यापाशी होतं. आधी वसतिगृहातल्या पेटीत, मग चांदूरच्या घरात कपाटावर. भिंतीवर ते एकदाही लागलं नाही. अकोटकडचं कुणी आलं आणि सरांना जाऊन सांगितलं तर? ज्या चित्रासाठी मी सरांना फसवलं, ते मीच कधी धड पाहू शकले नाही. नंतरच्या मुक्कामांनाही मी काही ना काही सबब सांगून गेले नाही.

या वर्षी सत्कार समितीने ठरवलं की चिखलदऱ्याच्या घराघरांतली चित्रं आणून अकोल्यात प्रदर्शन भरवायचं, आणि घरं शोधायचं काम माझ्यावर आलं. म्हणजे शेवंतामावशींकडची नक्कल सरांच्या समोर टांगली जाणार, तीही माझ्या हाताने. मग होळी झाल्यावर खरं चित्र घेतलं आणि परतवाड्याची गाडी धरली.

मावशी आता फार थकल्या आहेत. दुकान सून चालवते, रबडीच्या जोडीला मॅगीही मिळते. भिंतीवर माझी नक्कल होती, धुराने तपकिरी झालेली. तिच्याशेजारी एक रिकामा खिळा होता. मी नाव सांगितलं, चित्र उलगडलं, आणि जे तीस वर्षं सांगितलं नव्हतं ते सगळं सांगून टाकलं. बोलताना रडू आवरेना.

मावशी म्हणाल्या, “मले मालूम हाय ना बाप्पा.”

“कसं?”

“गुरुजी तवाच बोलून गेले. शेवंताबाई, दोन खिळे ठोकून देतो. एक चित्र आज आलं, दुसरं मांगून येईन. पोट्टी सोताच आणून देईन, तिले काई बोलजा नोका.” त्यांनी भिंतीकडे हात केला. “चारदा रंग देला भितीले. सून म्हणे, खिळा काढून टाकू, नाई त कॅलेंडर लावू. म्या म्हटलं, ते जागा देल्ली हाय.”

सुनेने स्टूल आणलं. तीस वर्षं मोकळ्या असलेल्या त्या खिळ्यावर मी चित्र लावलं.

त्यामुळे अकोल्याच्या प्रदर्शनात शेवंतामावशींकडची चित्रं दिसणार नाहीत. दोन्ही चित्रं त्यांच्या भिंतीवर आहेत, आणि ज्यांना पाहायची असतील त्यांनी घाट चढून वर जावं, सरांच्या नियमाप्रमाणे.

सर, तुम्हाला हे अजून मी तोंडाने सांगितलेलं नाही. या ग्रंथातच वाचाल. पुढच्या होळीनंतर आपण दोघं वर जाऊ, एस.टी.त पुढची जागा मी तुमच्यासाठी धरीन, आणि मावशींच्या दुकानात बसून तुम्ही दोन्ही चित्रं पाहा. मग गा, हवं तेवढं. तुमचे डोळे, हात आणि गुडघे त्या घाटासाठी खूप खूप वर्षं शाबूत राहोत.

या वेळी मी घाई केली नाही, सर. तुम्हीही कसलीच घाई करू नका.