सनाबिसच्या खिडकीतली नदी

ममांनी मला पहिल्यांदा नदी दाखवली तेव्हा आम्ही दोघी बहरीनच्या सनाबिस भागातल्या एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर, त्यांच्या बेडरूमच्या खिडकीशी होतो. खाली वाळूचं मोकळं पार्किंग होतं. त्यात तीस-चाळीस गाड्या, आणि बादली घेऊन त्या पुसत फिरणारा एक माणूस. पलीकडे मॉलची मागची भिंत. ममांनी काचेवर बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "बघ, आज पाणी सातव्या पायरीला लागलंय."

"हो ममा," मी म्हणाले. अशा पेशंटशी वाद घालायचा नसतो, एवढं आम्हा नर्सांना शिकवलेलं असतं.

मी मूळची वसईची. बहरीनमध्ये येऊन मला बारा वर्षं झाली. आधी हॉस्पिटलात होते, मुलगा शाळेत जायला लागल्यावर घरी जाऊन पेशंट सांभाळायचं काम घेतलं. सकाळी सात ते संध्याकाळी सहा. इथल्या म्हाताऱ्या बायकांना आम्ही सरसकट 'ममा' म्हणतो, तसंच यांनाही म्हणू लागले. ऐंशी ओलांडलेल्या जपानी बाई. त्यांचे यजमान इंजिनिअर म्हणून अस्करच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यावर आले आणि कायमचे इथेच राहिले. ते वारल्यावर ममा मुलीकडे आल्या. मुलगी बँकेत, लग्न केलेलं नाही. तिला मी मॅडम म्हणायचे आणि ती मला सिस्टर. ममांच्या मेंदूला दोन लहान झटके येऊन गेले होते. चालायच्या, जेवायच्या, इंग्रजीत नीट बोलायच्या, मधूनच एखादं इथलं अरबी 'खलास' किंवा 'यल्ला', म्हणजे चला, हेही. फक्त त्यांच्या खिडकीबाहेर पार्किंग नव्हतं, नदी होती.

ती नदी मला हळूहळू पाठ झाली. अरुंद, खोल, दोन्ही बाजूंनी दगडी भिंती. भिंतींवरून चेरीची झाडं पाण्यावर इतकी वाकलेली, की समोरासमोरच्या फांद्या एकमेकींना टेकतात. मधोमध तांबड्या कठड्याचा पूल. पुलाच्या डाव्या हाताला टोफूवाल्याचं दुकान. आणि त्या दुकानासमोर, भिंतीत कोरलेल्या, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. अकरा. फुलं गळायला लागली की पाणी दिसत नाही, म्हणायच्या, नुसती पाकळ्यांची साय दिसते. त्यावर पाय ठेवावासा वाटतो.

हे सगळं ऐकायला छान वाटायचं. मी चहा करून आणायचे आणि म्हणायचे, "मग ममा, आज नदी काय म्हणते?"

एके दिवशी त्या म्हणाल्या, "ती अजून वर आलेली नाही."

"कोण?"

"ती मुलगी. नवव्या पायरीवर उभी आहे. एका पायात चप्पल आहे, दुसऱ्या पायात नाही."

मी खाली पाहिलं. बादलीवाला एका पांढऱ्या जीपची काच पुसत होता. दुपारचे तीन वाजले होते, लख्ख ऊन होतं, तरी माझ्या अंगावर काटा आला. त्यानंतर रोज त्या मुलीची खबर असायची. आज इकडे बघतेय. आज पाठमोरी आहे. आज केस ओले आहेत. मी संध्याकाळी मॅडमना रोजचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे, बीपी, जेवण, औषधं, झोप. त्यात हेही लिहायचे. एकदा मॅडमनी मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, "सिस्टर, ती मुलगी कोण हे आई सांगते का?"

"नाही. मला वाटलं त्यांची बहीण असेल."

"आईला बहीण नव्हती. भाऊही नाही. ती एकुलती एक. आणि त्या नदीकाठच्या घराबद्दल ती माझ्याशी कधी बोललेली नाही. ती सात वर्षांची असताना तिच्या आईवडिलांनी ते गाव सोडलं, एवढंच मला माहीत."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, प्रवास करायचा असेल तर याच वर्षी करा. मॅडमनी ठरवलं, चेरीच्या बहरात आईला तिकडे न्यायचं, आणि मी बरोबर यायचं. व्हिसाला वेळ लागला. मुलाच्या परीक्षा होत्या, पण माझे मिस्टर म्हणाले, "जा, मी बघतो." मुलगा म्हणाला, "ब्रिंग मी समथिंग." त्याला मराठी सगळं समजतं, बोलतो मात्र इंग्रजीतच.

आम्ही निघायच्या तीन आठवडे आधी, एका सकाळी मी नाश्ता घेऊन गेले तर ममा दोन्ही कान दाबून बसल्या होत्या.

"कापताहेत," त्या म्हणाल्या.

"काय कापताहेत?"

"पुलाजवळचं झाड. सगळ्यात आधी फुलायचं ते. पिवळी हेल्मेट घातलेली माणसं आहेत. त्यांना सांग."

मी खिडकी उघडून पाहिलं. कुठे बांधकाम नव्हतं, कसला आवाज नव्हता. खाली बादलीवाला तेवढा गाड्या पुसत होता. ममा दिवसभर रडत राहिल्या. संध्याकाळी रिपोर्टमध्ये मी लिहिलं, झाड कापल्याचा भास, सकाळपासून अस्वस्थ.

टोकियोपासून ट्रेनने दोन तासांवर, ममांचं ते गाव आता शहर झालं होतं. हॉटेलातून टॅक्सीने आम्ही नदीकाठच्या त्या वस्तीत गेलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. थंडी होती आणि आभाळ पांढरं होतं. रस्ता माणसांनी भरला होता, तरुण मुलंमुली, सायकली, कॉफीचे कप, फांद्यांना टांगलेले कागदी कंदील. फुलं मी फोटोत पाहिली होती, पण फोटोत ती गुलाबी असतात. खरी जवळजवळ पांढरी असतात, आणि इतकी असतात की खालच्या माणसांच्या चेहऱ्यांवर वेगळाच फिकट उजेड पडतो. एवढी गर्दी असून आवाज कमी होता. सगळे हळू बोलत होते.

व्हीलचेअर मी ढकलत होते. मॅडम फोनवर नकाशा बघत होत्या. थोडं पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी त्यांची वाट न बघता वळणं घेते आहे.

"सिस्टर, पूल कुठे आहे तुम्हाला कसं कळलं?"

मी खुर्ची पुलाशी थांबवली. कठडा तांबडाच होता. डाव्या हाताला दुकान होतं, आता तिथे कॉफी मिळत होती, पण दारावरची पाटी जुनी, लाकडी होती, आणि मॅडमनी ती वाचून सांगितलं, टोफू. दुकानासमोर भिंतीत पायऱ्या होत्या. वर लोखंडी फाटक, त्याला कुलूप. फाटकातून वाकून मी मोजल्या. नऊ दिसत होत्या. त्याखाली पाकळ्या होत्या, सायीसारख्या, जराही न हलणाऱ्या.

पुलाला लागून एक बुंधा होता. करवतीने सपाट कापलेला, लाकूड अजून ओलसर, आतून कुजून काळं पडलेलं. शेजारी नगरपालिकेची छोटी पाटी. मॅडम ती वाचत होत्या आणि वाचता वाचता थांबल्या. मग त्यांनी फोन काढला आणि माझे जुने रिपोर्ट वर सरकवत गेल्या.

"धोकादायक झाल्यामुळे झाड काढलं, असं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "तारीखही दिली आहे." त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. मी लिहिलेला रिपोर्ट होता, झाड कापल्याचा भास. त्याच दिवसाचा.

मला एवढंच आठवतं की मी ममांच्या अंगावरची शाल उगाचच पुन्हा नीट केली.

ममा मात्र शांत होत्या. पूल, पाणी, फुलं, सगळ्यावरून त्यांनी नजर फिरवली, परक्या ठिकाणी आलेल्या पाहुण्यासारखी. मग पायऱ्यांकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"तुला दिसते?" त्यांनी मला विचारलं.

"नाही ममा."

"मलाही नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे ती इथे नाहीच. ती तिकडेच आहे, खिडकीपाशी. आपण तिला एकटीला ठेवून आलो."

फाटकाच्या बाजूला, भिंतीच्या कोनाड्यात एक हातभर उंचीची दगडी मूर्ती होती. टक्कल, मिटलेले डोळे, बाळासारखा चेहरा. तिच्या गळ्यात लाल लाळेरं बांधलेलं होतं आणि डोक्यावर विणलेलं टोपरं, ऊन-पावसानं विटलेलं. पुढ्यात एक संत्रं. मॅडमचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "मुलं जातात ना, त्यांच्यासाठी अशी मूर्ती बसवतात."

कॉफीच्या दुकानातून एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले. दुकान त्यांचंच, पूर्वी टोफू त्यांचे वडील करायचे. मॅडम त्यांच्याशी जपानीत बोलल्या, बराच वेळ. ते सारखे ममांकडे बघत होते. मग मॅडमनी मला जमेल तसं सांगितलं. फार वर्षांपूर्वी, असाच बहर होता, दोन मैत्रिणी पाण्यावरच्या पाकळ्या गोळा करायला पायऱ्या उतरल्या. हे गृहस्थ तेव्हा अगदी लहान, दुकानाच्या दारात बसलेले. एक मुलगी वर आली. पायरीवर बसून राहिली, आणि कोणी काही विचारलं तर तोंडातून शब्द नाही. बराच वेळ कोणाला कळलंच नाही की खाली आणखी एक होती. जी वर आली तिचे आईवडील पुढे गाव सोडून गेले.

"ती वर आलेली मुलगी..." मी म्हणाले.

"त्यांनी नाव सांगितलं," मॅडम म्हणाल्या. "आईचं."

चपलेचं मला विचारायचं होतं. मी विचारलं नाही. उत्तर ऐकायची माझी तयारी नव्हती.

म्हाताऱ्यांनी ममांसमोर वाकून नमस्कार केला आणि काहीतरी म्हणाले. ममांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि इंग्रजीत, अगदी सभ्यपणे सांगितलं, "मला घरी जायचं आहे. घरी मूल एकटं आहे." मग माझ्याकडे वळून, "यल्ला." ठरलेले आणखी चार दिवस आम्ही हॉटेलातच काढले. त्या पुन्हा नदीकडे यायला तयार झाल्या नाहीत.

बहरीनला परतलो तेव्हा हवेत धूळ होती, मॉलची भिंतही धड दिसत नव्हती. फ्लॅटचं दार मॅडमनी उघडलं आणि त्या बाजूला झाल्या, आत पहिलं कोणी जायचं या विचारात असल्यासारख्या. मीच गेले. बंद घराचा वास होता, दुसरं काही नाही. ममा थेट बेडरूममध्ये गेल्या. पडदा सरकवला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी नजर वळवली. शाळेबाहेर आपलं पोर दिसल्यावर आईच्या चेहऱ्यावर येतं, तसं.

त्यानंतर नदीचं बोलणं बंद झालं. पाणी किती चढलं, कोण कुठे उभं आहे, काही नाही. फक्त चार वाजता चहा नेला की म्हणायच्या, "अजून एक बिस्कीट." ते बिस्कीट त्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायच्या. घाबरलेल्या मला कधी दिसल्या नाहीत. एकदा मी दाराबाहेरून ऐकलं, त्या जपानीत कोणाशी तरी बोलत होत्या, थांबत थांबत, जसं समोरचं माणूसही बोलतंय. मी आत न जाता स्वयंपाकघरात गेले आणि नळ मोठा सोडून भांडी घासत बसले.

मॅडमना मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "असू द्या सिस्टर. आयुष्यभर ती हे एकटीच घेऊन राहिली." मग म्हणाल्या, "तुम्ही त्या खिडकीतून कधी बघता?"

"कामापुरतं."

"मी नाही बघत," त्या म्हणाल्या.

जूनमध्ये, दुपारी झोपेतच ममा गेल्या. मी शेजारच्या खुर्चीत होते. श्वास लांबत गेला आणि मग आला नाही. मी वेळ लिहिली, मॅडमना फोन केला, ममांचे हात नीट ठेवले. उजव्या हाताची बोटं मिटलेली होती, दुसऱ्याचा हात धरल्यासारखी. ती मी सरळ केली नाहीत.

मॅडम अस्थी घेऊन जपानला गेल्या त्या परत आल्या नाहीत, नोकरीतही तिकडेच बदली करून घेतली. जायच्या आधी त्यांनी मला एक काम सांगितलं. मूर्तीचं टोपरं विटलंय, एक नवीन विणून द्याल का? मी मनामाच्या बाजारातून लोकर आणली. बाहेर इतका उन्हाळा, आणि दुकानदार विचारतो, कोणाच्या बाळासाठी? मी म्हणाले, मैत्रिणीच्या. दोन दिवसांत विणून झालं. विणताना माप कोणाचं घ्यायचं हा प्रश्न मला पडलाच नाही, हात आपोआप चालले. ते नंतर मला जाणवलं.

पुढच्या शुक्रवारी मी चर्चच्या ऑफिसमध्ये गेले. ममा आमच्या धर्माच्या नव्हत्या, ती मुलगीही नव्हती, पण मला दुसरं काही सुचलं नाही. मिस्सामध्ये, म्हणजे चर्चच्या उपासनेत, त्या मुलीसाठी प्रार्थना व्हावी म्हणून मी वहीत नोंद करायला सांगितली. टेबलावरचे अंकल म्हणाले, "नाव?"

"नाव माहीत नाही. एक लहान मुलगी, एवढंच लिहा."

त्यांनी लिहिलं. मग पेन थांबवून नेहमीचा प्रश्न विचारला, "जिवंत माणसासाठी, की मयतासाठी?"

माझ्यामागे रांग होती. मी उभीच राहिले. मागच्या बाईने हलकेच माझ्या खांद्याला हात लावला, तेव्हा मी म्हणाले, "मयतासाठी." अंकलनी त्या रकान्यात खूण केली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.