मुकाट धुतलेल्या पट्ट्या

मिशनच्या शाळेत मी मास्तर होतो आणि बाप्तिस्मा घेऊ पाहणाऱ्यांना शिकवून तयार करणे हेही काम माझ्याकडे होते. महाराज गादीवर येऊन फार वर्षे झाली नव्हती. कोल्हापुरात रोज काहीतरी नवे निघत होते, पण दरबारात साधा अर्ज करायचा तरी आधी बिरुदांच्या चार ओळी लिहाव्या लागत. त्या ओळींची नक्कल करून मी वर्ग हसवत असे. बुधवारच्या प्रार्थनासभेत माझी स्वतःची प्रार्थना मात्र 'अखिल चराचराच्या नियंत्या'पासून निघून मूळ मागण्यापर्यंत पोचायला चांगली पाच मिनिटे घेई. दोन्हींत काही साम्य आहे हे मला तेव्हा सुचले नाही. लोक वाखाणत, म्हणून जमलेली वाक्ये मी एका वहीत उतरवून ठेवी.

मिशनच्या दवाखान्यात पेठ वडगावकडची एक विधवा कामाला होती. जखमांवरच्या पट्ट्या उकळायच्या, धुवायच्या, वाळवून गुंडाळून ठेवायच्या, हे तिचे काम. ती माझ्या आईच्या वयाची होती आणि मी तिला अगं-तुगं करत असे. नाताळात तिचा बाप्तिस्मा ठरला होता. त्यापायी भावांनी तिचे माहेर बंद केले होते; ख्रिस्ती मंडळीशिवाय तिला आता कोणी नव्हते.

एके सकाळी मी दवाखान्यामागच्या धुण्याच्या दगडाजवळून जात होतो. ती पट्टी पिळत होती आणि पुटपुटत होती, "जेची आसंल त्येला बरं कर, देवा." पट्टी दोरीवर टाकली, दुसरी उचलली, पुन्हा तेच वाक्य. मी आडोशाला उभा राहून ऐकत गेलो. ती थांबेना. मीच कंटाळलो.

त्या दिवसांत मी मिशनच्या मासिकासाठी अखंड प्रार्थनेवर लेख लिहीत होतो. ख्रिस्ती माणसाचा श्वास म्हणजेच प्रार्थना, असे काहीसे त्यात होते. लेख अर्धा टेबलावर टाकून मी मंडळीच्या वडिलांच्या, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या, सभेला गेलो आणि सांगितले, "हा जुन्या धर्मातला जप आहे. बाईंनी माळ टाकली आणि पट्ट्या हातात घेतल्या."

सगळे हसले. त्या वाक्यावर मी किती खूश होतो, ते आजही आठवते.

एक म्हातारे वडील म्हणाले, "पण मास्तर, वाक्य तर चांगलं हाय की."

"वाक्याबद्दल तक्रार नाही, पुनरावृत्तीबद्दल आहे."

पुन्हा हशा. बाप्तिस्मा ईस्टरवर गेला. तिला बोलावून मी समजावले, की देव बहिरा नाही, एकदा सांगितलेले त्याला कळते, तेव्हा हे तेच तेच म्हणणे बंद कर. ती म्हणाली, "बरं, मास्तर," आणि पदर सावरून कामाला गेली. तिची बाजू कोणी विचारली नाही. मीही नाही.

लेख छापून आला. चर्चच्या पाळकसाहेबांनी तो उपासनेनंतर वाचून दाखवला.

मार्चमध्ये मी पुन्हा त्या दगडाजवळून गेलो. ती मुकाट पट्ट्या पिळत होती. मी प्रसन्नपणे म्हटले, "जमतंय ना?"

"जमतंय की." मग हात थांबवून तिने विचारले, "मास्तर, येक इचारू? कुनाचंच म्हनायचं न्हाय व्हय?"

"कुणाचं म्हणजे?"

तिने एक पट्टी उचलून दाखवली. "ही येकाची." दुसरी उचलली. "ही दुसऱ्याची. ह्या दोन त्या बाळंतिनीच्या. नावं मला ठावं न्हाईत, म्हून म्हनायचे, जेची आसंल त्येला. येकाच मानसाचं धा येळा कशाला सांगंन? देव काय बहिरा हाय?"

माझेच वाक्य होते.

"हे त्या दिवशी का नाही सांगितलंस?" मी विचारले. आवाज चढला होता, माझी चूक झाली की चढतो.

"तुमी सांगत हुतासा. मदी कसं बोलायचं?"

"पण मनातल्या मनात तरी म्हणत होतीस ना?"

"न्हाय. तुमी बंद म्हनलासा, बंद केलं." आणि मग, भांडणाच्या नव्हे, खऱ्या काळजीच्या सुरात, "तीन म्हैनं झालं, मास्तर. त्या मानसांचं काय?"

अखंड प्रार्थनेवर छापील पाच पाने लिहिलेला माणूस तसाच माघारी वळला.

मंडळीच्या वडिलांना मी लेखी कळवले. तिथेही माझी लेखणी वाकडीच चालली. 'अधिक चौकशीअंती असे आढळून आले' असे लिहिले, 'मी चुकलो' असे नाही. वडिलांनी लगेच होकार दिला. मी धावत जाऊन तिला सांगितले, की येत्या रविवारीच बाप्तिस्मा होईल.

"आदी ती मानसं," ती म्हणाली. "पानी मग. दवाखान्याच्या वहीत नावं आसत्यात न्हवं? तुमाला वाचता येतंय की."

डॉक्टरसाहेबांकडून मी वही मागून घेतली. रोज दुपारी शाळा सुटली की दगडाशेजारी बसून मी एकेक नाव आणि गाव वाचायचो. ती हातातले काम न थांबवता ते नाव घेऊन आपले वाक्य म्हणायची. पुष्कळजण केव्हाच बरे होऊन घरी गेले होते. तसे मी म्हटल्यावर ती म्हणाली, "मग बरं ऱ्हावंत." दोन रविवार असेच गेले. पाळकसाहेब विचारू लागले की अडले कुठे. मी म्हणालो, माझ्यामुळे. एवढे एक वाक्य मी त्या दिवसांत सरळ बोललो.

एका दुपारी एका शेतकऱ्याच्या नावापुढे 'मयत' असा शेरा आला. मी मनातल्या मनात वाचला आणि बोट पुढच्या ओळीवर सरकवले.

"थांबा," ती म्हणाली. "येक गाळलासा."

"तो वारला."

तिने पट्टी खाली ठेवली. मला तिच्याकडे पाहवेना.

"घरचं कोन हाय, लिवलंय?"

"पत्नी. नाव नाही लिहिलेलं."

"आसूंदे," ती म्हणाली, आणि ओले हात लुगड्याला पुसून तिने डोळे मिटले. "ह्येच्या बायकूला धीर दे, देवा."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमीबी म्हना, मास्तर."

मी म्हटले. तिचेच वाक्य, जसेच्या तसे. माझ्या त्या वाक्यांच्या वहीत उतरवण्यासारखे त्यात काही नव्हते.