विसाच्या आतले सरकारी नोकर

"मॅम, आपकी लडकी का पास ग्रे है. अंदर नहीं छोड सकता."

गेटवरच्या सिक्युरिटीचा फोन. "आपकी लडकी" म्हणजे माझी मुलगी नव्हे, आमच्या काउंटरवरची शिरीन. आम्ही दोघी एकमेकींशी अर्धंमुर्धं मराठीत बोलतो, एवढ्यावरून त्या गार्डने आमचं नातं जुळवून टाकलं होतं.

मी दुबईत एका सरकारी खात्यात एचआर कम्प्लायन्स बघते. म्हणजे वरून सर्क्युलर आलं की ते वाचायचं, कोणाला लागू आणि कोणाला नाही ते ठरवायचं आणि सगळ्यांना मेल करायचा. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात हे शिव्या खायचं काम आहे, आणि शिव्या चार-पाच भाषांत येतात.

साथीचा जोर तेव्हा ओसरला होता, नियमांचा नव्हता. आमच्या खात्यात तिसरा डोस सक्तीचा झाला होता. तो घेतला नाही की फोनवरच्या अ‍ॅपमधला हिरवा पास राखाडी व्हायचा आणि राखाडी पासवर ऑफिसचं दार उघडत नसे. मी तिन्ही डोस निमूटपणे घेतले होते. माझं लशीशी भांडण नव्हतं. भांडण होतं ते कागदांशी.

शिरीन तेवीस वर्षांची. मूळ घर श्रीवर्धनकडचं, पण जन्म, शाळा, सगळं शारजात. वडील इब्राहिमभाई तिथल्याच रोल्ला भागात घड्याळांचं दुकान चालवतात. त्यांच्या सगळ्या नातलगांत सरकारी काउंटरवर बसलेली ही पहिलीच मुलगी. दुसऱ्या डोसनंतर तिच्या छातीत दुखायला लागलं आणि दोन दिवस हॉस्पिटलात काढावे लागले. डॉक्टरांनी लिहून दिलं, तिसरा डोस सध्या नको, सहा महिन्यांनी बघू. ते पत्र मी वर पाठवलं. परत आलं, ठरलेल्या फॉर्मॅटमध्ये नाही म्हणून. फॉर्मॅटमध्ये करून पाठवलं. परत आलं, स्टॅम्प निळा हवा म्हणून. निळा स्टॅम्प मारून पाठवलं, तेव्हापासून वरून चकार शब्द नाही. इकडे तिचं प्रोबेशन चालू होतं. प्रोबेशनमध्ये कामाचे सलग दहा दिवस गैरहजर राहिलं की नोकरी संपली. गेटवर अडवलं तो तिचा पहिला दिवस.

आणि त्याच आठवड्यात नवा कायदा आला. तरुण सरकारी नोकरांवर आरोग्याच्या अटी किती लादायच्या, याला मर्यादा घालणारा, एवढं कानावर आलं. माझा जीव भांड्यात पडला. पण कागद अरबीत.

"सर, इंग्लिश ट्रान्सलेशन?" मी डायरेक्टर खालिद साहेबांना विचारलं.

"इन्शाल्ला, नेक्स्ट वीक."

आमच्याकडे याचा अर्थ, पुन्हा विचारू नका.

मला अरबी वाचता येत नाही. म्हणून कागदाचा फोटो मी आमच्या मंदूबला पाठवला. मंदूब म्हणजे खात्याची कागदपत्रं घेऊन या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरणारा माणूस. आमचा मंदूब केरळचा, बशीर. गाडीतूनच त्याने फोन केला.

"सिस्टर, लिखा है, इस उमर के नीचे जो है, उसको थर्ड डोस का फोर्स नहीं. पास भी नहीं मांगने का. खलास."

"कितना उमर?"

"नंबर में लिखा है ना, देख लो. मैं ड्राइविंग करता है." फोन बंद.

मी पाहिलं. आधी दोन, जरासा वाकडा, पण आपल्या दोनाचाच चुलतभाऊ. त्याच्या शेजारी शून्य, चांगलं गोल गरगरीत. वीस.

माझं डोकं फिरलं. वीस! सरकारी खात्यात विसाच्या आतला माणूस आणायचा कुठून? आमच्याकडे सगळ्यात लहान मुलगी बावीसची. कायदा करणाऱ्यांनी कधी ऑफिस पाहिलंय की नाही? मी तशीच डायरेक्टरांच्या केबिनमध्ये शिरले.

"सर, हा कायदा ज्यांना लागू होतो ते सगळे अजून कॉलेजात आहेत!"

"लॉ इज लॉ, सिस्टर. यू रेड इट प्रॉपरली?"

"आकडा आहे, सर. त्यात प्रॉपरली काय वाचायचं?"

त्यांनी मान डोलावली. मी त्या दुपारी सगळ्या खात्याला मेल केला. कायदा विसाच्या खालच्यांसाठी आहे, आपल्या स्टाफला लागू नाही. 'नाही' बोल्डमध्ये. मग पुढचे आठ-दहा दिवस मी त्या कायद्याची यथेच्छ टिंगल केली. लंचला, लिफ्टमध्ये, घरी डिस्कव्हरी गार्डन्सला नवऱ्यासमोर. खरं सांगते, मजा येत होती.

दहावा दिवस शुक्रवारी पडला. शुक्रवारी आमचं ऑफिस बारापर्यंतच असतं. शिरीनला सेवामुक्तीचं पत्र मी हातात द्यायचं ठरलं होतं. ती आत येऊ शकत नव्हती, म्हणून अकराच्या सुमाराला मीच बाहेर पार्किंगच्या सावलीत गेले. ती वडिलांना घेऊन आली होती.

"ताई, पोरगी कामाला वाईट आहे का?" इब्राहिमभाईंनी विचारलं.

"अजिबात नाही. सगळ्यात चांगली आहे."

"मग?"

"मग कायदा!" मी वैतागून फोल्डर उघडला. माझ्या हातात काही नाही हे त्यांना दिसावं म्हणून सर्क्युलर पुढे केलं. "हे बघा, विसाच्या खाली असती तर सुटली असती."

शिरीनने कागदावर नजर फिरवली. "मॅम, व्हेअर इज ट्वेंटी?"

"हे काय."

"दॅट्स ट्वेंटी-फाइव्ह."

"शिरीन, शून्य आहे ते."

"नो मॅम. अरेबिक झीरो इज जस्ट अ डॉट. धिस इज फाइव्ह. एट्थपर्यंत आम्हाला अरेबिक कम्पल्सरी होतं." तिने माझ्याच पेनने, तिच्याच सेवामुक्तीच्या पाकिटावर एक ठिपका काढला आणि शेजारी एक गोल. "झीरो. फाइव्ह."

मी त्या गोलाकडे बघत राहिले. दुकानांत, बिलांवर, माझ्या कामाच्या सगळ्या फाइलींत इंग्रजी आकडे. अरबी आकडा वाचायची वेळ दुबईतल्या चौदा वर्षांत आली नव्हती. आली तेव्हा मी तो मराठी शाळेत शिकवलं तसा वाचला.

इब्राहिमभाई म्हणाले, "ताई, तुमचं काय चुकलं? मराठी शिकलेल्या माणसाला ते शून्यच दिसणार. मी आलो तेव्हा मलाही दिसायचं."

ज्यांच्या मुलीला काढून टाकायचं पत्र माझ्या हातात होतं, ते माझी समजूत घालत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी धावत वर गेले. डायरेक्टर जुम्म्याच्या नमाजासाठी निघत होते.

"सर, हा आकडा किती?"

"ट्वेंटी-फाइव्ह."

"मी वीस वाचला, सर."

त्यांनी आधी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सिस्टर. फोर्टीन इयर्स यू आर हियर."

"सर, पण तुम्ही एकदा तरी बघायला हवं होतं. अरबी तुमची भाषा आहे."

"सो नाऊ इट इज माय मिस्टेक?"

होती की! अर्धी तरी होतीच. पण सर्क्युलर वाचायला त्यांनी मला ठेवलं होतं, हेही खरं. त्यांनी गेटवर फोन लावला. "यल्ला, लेट हर इन."

अकरा चाळीसला शिरीनची हजेरी लागली. दहावा दिवस गैरहजेरीत धरला गेला नाही. वीस मिनिटं ती काउंटरवर बसली आणि तेवढ्यात एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फॉर्म भरून दिला. पत्र मी फाडलं.

राहिला माझा मेल. तो सिस्टीममध्ये दुरुस्त करायचा तर दुरुस्तीचं कारण भरावं लागतं. यादीत 'टायपिंग एरर' होतं, 'सिस्टीम एरर' होतं. माझं कारण कुठेच नव्हतं. 'अदर' निवडून मी लिहिलं, पाचाचा आकडा मराठीत वाचला. दहा मिनिटांत आयटीतून फोन. "मॅडम, ये मराठी कौन सा सॉफ्टवेअर है?"

हसण्यासारखी गोष्ट इथेच संपते. माझा मेल वाचून आमच्या आणखी दोन मुलींनी मनात नसताना डोस घेतला होता. एक बावीसची, एक चोवीसची. दोघींनाही नाही म्हणायचा हक्क होता आणि तो मी बोल्ड अक्षरांत काढून घेतला होता. दोघींच्या टेबलापाशी जाऊन मी माफी मागितली. बावीसची म्हणाली, "इट्स ओके मॅम, डन इज डन." दुसरी स्क्रीनवरून नजर न हटवता टाइप करत राहिली. तिची दुरुस्ती कुठल्याच फॉर्मवर होत नाही.

सरकार मूर्ख आहे असं एखाद्या कागदावरून सिद्ध होत असेल आणि त्याचा आपल्याला मनापासून आनंद होत असेल, तर तो कागद आधी दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्यावा.