इवालूच्या हातचं इंजिन

आमच्या ध्रुवाकडच्या वस्तीत बर्फावर पळणारी नवी स्नोमोबाइल आली की ती आधी मालकाच्या दारात जात नाही, इवालूच्या दारात जाते. मालक बिचारा हळहळत असतो. वर्षभर खाणीत राबून, बायकोची बोलणी खाऊन त्यानं गाडी घेतलेली असते, आणि तिच्यावर बसून वारा प्यायल्यासारखं खाडीच्या टोकापर्यंत सुटावं एवढंच त्याच्या मनात असतं. पण नव्या इंजिनाला पहिल्याच दिवशी असं पळवलं की आतले भाग एकमेकांशी जमवून घेण्याआधीच तापतात आणि जाम होतात. मग गाडी राहते बर्फात आणि मालक येतो पायी. हे वस्तीतल्या प्रत्येक पुरुषाला ठाऊक आहे. ठाऊक असूनही वेगाच्या खटक्यावरचा अंगठा ऐकत नाही, हाच तर घोळ आहे.

इवालूचा अंगठा ऐकायचा. साठी ओलांडलेली ही बुटकी बाई पहिल्या टाकीच्या पेट्रोलात हात सैल सोडून तेल घालायची, गाडीचा मागचा भाग खोक्यावर चढवून पट्टा जागच्या जागी फिरवायची, आणि इंजिन अंगभर ऊबदार झालं की किनाऱ्यालगतच्या भुसभुशीत बर्फात निघायची. खाडीच्या उघड्या, गुळगुळीत बर्फावर ती नवी गाडी कधीच नेत नसे, कारण इंजिन थंड ठेवायला खालून मऊ बर्फ उडावा लागतो. थोडं दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. मागे ओझ्याची स्लेज बांधायची नाही. वेग अर्ध्याच्या वर न्यायचा नाही आणि एकाच वेगानं तर फार वेळ मुळीच जायचं नाही.

"मूल एकाच सुरात रडायला लागलं की समजावं, याचं काहीतरी दुखतंय," ती म्हणायची. "इंजिनाचंही तेच."

या कामाचे ती काही घेत नसे. कुणी सीलचं मांस आणून द्यायचं, कुणी मासे. पण तिची खरी कमाई निराळीच होती. दाराशी नवी गाडी उभी असली की घर भरून जायचं. मालक यायचा, त्याचा भाऊ यायचा, काही काम नसलेले चौघे यायचे, चहाचं भांडं उतरायला फुरसत मिळायची नाही आणि तळलेली बॅनक रोटी हां हां म्हणता संपायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलं दक्षिणेकडच्या शहरात. गाडी दाराशी नसेल त्या दिवसांत घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू यायची.

आणि गेल्या पानगळीपासून तिच्या उजव्या अंगठ्यातली जाणीवच गेली होती.

दुखत नव्हता. दुखला असता तर बरं झालं असतं. तो खटक्यावर ठेवला की आपण किती दाबतोय हे तिला कळेनासं झालं होतं. कुणाला न सांगता ती हातमोज्यात तो अंगठा चोळत बसायची. हिवाळ्यात मल्लिकीची गाडी तिच्या हातून रुळून गेली आणि पहिल्याच लांबच्या शिकारीत जाम झाली. मल्लिकी दीड दिवस चालत घरी आला. आल्यावर इवालूकडे चहाला बसला आणि म्हणाला, "तेलच खराब होतं बघ. दुकानदाराला सांगायला हवं."

तेल चांगलं होतं. ते इवालूनं स्वतः ओतलं होतं, आणि मल्लिकीलाही ते माहीत होतं. आमच्यात थोरांची चूक तोंडावर काढत नाहीत. सगळी वस्ती तेलावर खापर फोडत राहिली आणि इवालूला ते माणसांचं चांगुलपण दगडासारखं जड झालं. आपणहून सांगावं, तर घर रिकामं होणार. न सांगावं, तर उद्या कुणी वादळात अडकणार. तिची झोप उडाली होती.

अशात एप्रिलमध्ये उत्तकची गाडी आली.

उत्तक जेमतेम पंचविशीचा. पण इवालू त्याला नावानं हाक मारत नाही. तिच्या वडिलांचं नाव त्याला ठेवलेलं आहे, आणि आमच्याकडे नाव गेलं की नातंही त्याच्याबरोबर जातं. तो जन्मला तेव्हा त्याला मांडीवर घेऊन ती म्हणाली होती, "आलात का बाबा?" तेव्हापासून तो तिचा बाबा आणि ती त्याची पोरगी. शेंबूड पुसायच्या वयातही तो तिला 'पोरी' म्हणायचा आणि कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

"पोरी, आणली बघ," त्यानं दारातून आरोळी ठोकली.

इवालूनं बाहेर येऊन लाल, चकचकीत गाडीला एक फेरी घातली. "सुरेख आहे हो बाबा. पण तुम्ही तिला हात लावायचा नाही. वस्तीतलं पहिलं इंजिन तुम्हीच जाळलंत. वॉलरसच्या मांसानं भरलेली स्लेज बांधलीत, तीही पहिल्याच दिवशी!"

तिचा बाप, थोरला उत्तक, खरंच असा होता. त्या फजितीनंतर तो पुन्हा कुत्र्यांच्या स्लेजकडे वळला आणि इवालू लहान असतानाच गेला.

"किती वर्षं तेच उगाळशील?" तरुण उत्तक हसला. "चुकलो म्हटलं ना."

त्याची बायको गीला हसली नाही. ती गाडीकडे बघत होती. जुनी गाडी थंडीतच मोडली होती, घरात शिकारीचं मांस आलं नव्हतं, आणि ही गाडीही गेली तर दुसरी येणार नव्हती. मल्लिकीचं काय झालं हे तिलाही ठाऊक होतं. तिनं नवऱ्याकडे नुसतं पाहिलं.

इवालूनं ते पाहिलं. 'नको' म्हणायची हीच वेळ होती. पण तोवर मल्लिकी आणि आणखी दोघं येऊन चहा मागत होते, घर गजबजलं होतं, आणि तिचा धीर झाला नाही.

दुपारी लख्ख उन्हात ती निघाली. तेल घातलं, इंजिन तापवलं, किनाऱ्याच्या मऊ बर्फात उतरली. पहिली फेरी बरी गेली. दुसऱ्या फेरीत वारा सुटला आणि अंगठा पार लाकूड झाला. इंजिनाचा सूर चढेना की उतरेना. सरळसोट, एकच. तिला ऐकू येत होतं. ती अंगठ्याला मनातल्या मनात विनवत होती आणि अंगठा तिचा नव्हताच.

समोर बर्फात उत्तक उभा होता, दोन्ही हात वर करून. तिनं डाव्या हातानं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"उतर पोरी," तो म्हणाला.

"जरा गार वारं आहे बाबा, म्हणून..."

"वाऱ्याचं नाव सांगू नकोस. सूर ऐकला मी. तुझा अंगठा गेलाय." त्याचा आवाज चढलेला नव्हता, पण हसराही नव्हता. "मल्लिकीचं इंजिन तेलानं गेलं नाही, तुझ्या हातानं गेलं. तुला माहीत होतं, तरी माझं घेतलंस. मी घरी पोरांना काय खायला घालू?"

वस्तीत दुसरं कुणी हे बोलू शकलं नसतं. तिचा मुलगाही बोलला नसता. एवढं बोलायचा हक्क एका बापालाच होता. इवालू उतरली आणि बर्फात बसून रडली. लाज वाटत होतीच, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटत होतं. सबंध हिवाळाभर ती कुणीतरी रागावण्याची वाट पाहत होती.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"पानगळीपासून."

"आणि सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर चहाला कोण आलं असतं, बाबा?"

उत्तक जवळ आला. मग त्यानं तिच्या हातातला मोजा काढला, तो अंगठा आपल्या पार्क्याच्या, त्या जाड फरकोटाच्या आत, पोटाशी धरला आणि ऊब येईपर्यंत तसाच उभा राहिला. किनाऱ्यावरून मल्लिकी आणि गीला पाहत होते.

"ऊठ," तो शेवटी म्हणाला. "मागे बस. मी चालवतो, तू ऐक. चुकलो तर पाठीत घाल."

"तुम्ही? तुम्ही तर दहा पावलांत जाळाल."

"म्हणून तर तुला मागे घेतोय."

तिनं डोळे पुसले आणि त्याच्या पाठीमागे बसली. गाडी निघाली. उत्तकनं पहिल्याच झटक्यात खटका फार दाबला. इवालूनं डाव्या मुठीनं त्याच्या पाठीत असा दणका दिला की किनाऱ्यावर मल्लिकी खो खो हसला.

"सोडा! आता द्या. थोडंच! सोडा!"

हळूहळू सूर चढायला आणि उतरायला लागला. दणके कमी झाले. वळणावर वारा समोरून आला तेव्हा इवालूनं मान खाली घातली. पुढे उत्तकची रुंद पाठ होती, वारा तिच्यापर्यंत पोचत नव्हता. साठी उलटलेल्या त्या बाईनं बापाच्या पार्क्यात तोंड खुपसलं आणि ती ओरडली, "बाबा, अजून एक फेरी!"